पेटीतला पावसाळा

मधमाश्यांची पेटी मिळवणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. मे 2022 मध्ये महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला ‘मधाचे गाव’ म्हणून मान मिळाला, पुढे भुदरगडातल्या पाटगावचे नाव झाले, आणि जंगलाकाठच्या गावांपुरता असलेला हा विषय शहरांतल्या गच्च्यांवर, शेतघरांच्या आवारात, निवृत्तीनंतरच्या बेतांत येऊन पोहोचला. चांगलेच झाले. पण या हौसेचे एक ठरलेले वेळापत्रकही दिसू लागले आहे. 20 मेच्या जागतिक मधमाशी दिनाच्या आसपास उत्साह येतो, पेटी येते, पहिले काही आठवडे घरातली झाडून सगळी माणसे तिच्याजवळ उभी राहून फोटो काढतात, आणि गणपती येईतो पेटीत चार वाळक्या पोळ्यांवर जाळी धरलेली असते. माश्या कधी गेल्या, कशाने गेल्या, हे मालकाला ठाऊक नसते. ‘आमच्याकडे मधमाश्या टिकत नाहीत’ एवढा निष्कर्ष निघतो आणि पेटी माळ्यावर जाते.

हौशी मधपाळाची परीक्षा मार्च-एप्रिलात मध काढताना होत नाही. ती जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते. पेटी कोणती घ्यायची, कधी घ्यायची, मध किती काढायचा आणि किती ठेवायचा, हे सगळे प्रश्न या चार महिन्यांकडे पाहूनच सोडवायचे असतात.

पहिला प्रश्न माशीचा. आग्या आणि फुलोरी या आपल्याकडच्या दोन्ही माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्या पेटीत नांदत नाहीत आणि त्यांना कोंडण्याचा खटाटोप कुणी करूही नये. पेटीत राहतात त्या अंधाऱ्या ढोलीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणाऱ्या माश्या: आपली सातेरी आणि युरोपातून आलेली मेलिफेरा. मेलिफेरा भारतात स्थिरावली ती 1962 पासून, तेव्हाच्या पंजाबातल्या आणि आजच्या हिमाचलातल्या नगरोट्याहून. ती मध जास्त देते हे खरे, पण कशाच्या जोरावर देते तेही पाहावे. तिची वसाहत मोठी, भूक मोठी, म्हणून व्यावसायिक मधपाळ रात्री पेट्या ट्रकमध्ये चढवून मोहरीवरून ओव्यावर, ओव्यावरून सूर्यफुलावर अशा फिरवत राहतात. शिवाय व्हरोआ नावाच्या कोळीवर्गातल्या परजीवीसाठी तिच्यावर सतत लक्ष आणि उपचार ठेवावे लागतात. हाच परजीवी मुळात सातेरीच्या जातकुळीतल्या माश्यांवरचा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासाने त्या त्याला अंगावरून वेचून काढायला शिकल्या आहेत. दोन पेट्यांच्या हौशी माणसाने मेलिफेराच्या मागे लागण्यात काही अर्थ नाही. सातेरी घ्यावी, आणि वर्षाकाठी एका पेटीतून पाच-सात किलो मध मिळाला तर वर्ष चांगले गेले असे समजावे. घरच्या मधाच्या विक्रीतून पेटीचा खर्च भागेल असा हिशेब मांडून जो येतो, त्याची निराशा बहुधा ठरलेली.

पेटीही सातेरीच्या मापाचीच हवी. 1851 मध्ये लँगस्ट्रॉथ या अमेरिकी धर्मोपदेशकाच्या लक्षात आले, की दोन पोळ्यांच्या किंवा पोळे आणि भिंतीच्या मधली फट ठरावीक मापाची असेल तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. उचलता येणाऱ्या चौकटींची आजची प्रत्येक पेटी या एका निरीक्षणावर उभी आहे. सातेरी अंगाने लहान, म्हणून तिची ही फटही थोडी लहान. मेलिफेराची पेटी स्वस्तात मिळाली म्हणून तीत सातेरी भरली, तर ती पोळी वाकडीतिकडी बांधते, चौकटी एकमेकींना जोडून टाकते आणि पहिल्याच तपासणीला सगळे तुटून हातात येते.

आता सातेरीचा तो एक गुण, जो पेटीत दोष ठरतो. खाणे संपले की मेलिफेरा बहुतेक वेळा घर न सोडता उपाशी मरते. सातेरी तसे करत नाही. अन्न आटले, मुंग्यांचा किंवा मेणपतंगाचा जाच झाला, ऊन फार लागले, माणसाने वारंवार उघडझाप केली, की सगळी वसाहत राणीसह उठते आणि निघून जाते. सह्याद्रीच्या जंगलात हेच शहाणपण आहे. जिकडे फुलोरा तिकडे मोहोळ. नव्या मधपाळाला मात्र ही अचानक झालेली चोरी वाटते. वास्तविक तिची चाहूल आठ-पंधरा दिवस आधी लागते. पायांवर परागकणांचे गोळे घेऊन येणाऱ्या माश्या कमी होतात. राणी अंडी घालणे आखडते घेते. उघड्या अळ्या दिसेनाशा होतात, उरलेली बंद पिल्ले बाहेर पडण्याची वसाहत तेवढी वाट पाहते, आणि एका उघडीप असलेल्या दुपारी पेटी रिकामी होते. पोळ्यात मध नाही, अंडी नाहीत आणि नवी अळीही नाही, असे दिसले की त्याच संध्याकाळी खाऊ घालायला सुरुवात करावी. जवळ दुसरी निरोगी पेटी असेल तर तिच्यातली उघड्या अळ्यांची एक चौकट या पेटीत द्यावी. पिल्ले टाकून माश्या सहसा उठत नाहीत.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात सुरू होते आणि ती हात आखडता घेण्यापासून होते. घाटमाथ्यावर जांभूळ, हिरडा, गेळा यांचा बहर मेमध्ये ओसरतो. नेमका तेव्हाच वरच्या कप्प्यातल्या शेवटच्या चौकटी मधयंत्रात घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. खालच्या, पिल्लांच्या कप्प्यातल्या पोळ्यांच्या वरच्या कडेला जो मध असतो त्याला कधीच हात लावायचा नाही, आणि वरच्यातलाही काही ठेवायचा. कोकण आणि घाटात पाऊस लागला की माश्यांना दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही. देशावर चित्र वेगळे असते; तिथे मक्याचे पराग, तीळ, कारळे यांवर जुलै-ऑगस्ट बरा निघू शकतो. म्हणून महाबळेश्वरच्या मधपाळाचे वेळापत्रक सोलापूरच्या माणसाने जसेच्या तसे उचलू नये. सातेरी साधारण किलोमीटरभराच्या टापूत फिरते. त्या टापूत कोणते झाड कोणत्या महिन्यात फुलते, याची वही ज्याच्याकडे आहे त्याला निम्मे मधमाशीपालन आले.

खाऊ घालायचे म्हणजे साखरेचा पाक. साखर आणि गरम पाणी समभाग, विरघळवून पूर्ण थंड केलेला. झाकणाला बारीक भोके पाडलेली बाटली आत उलटी ठेवली की माश्या हवा तसा चोखून घेतात. पाव लिटरपासून सुरुवात करावी आणि किती दिवसांत संपतो ते पाहून प्रमाण ठरवावे. पाक संध्याकाळीच द्यावा आणि बाहेर थेंबही सांडू देऊ नये, नाहीतर शेजारच्या पेटीतल्या किंवा रानातल्या माश्या लुटायला येतात आणि दुबळी वसाहत त्या मारामारीतच संपते. गुळाचा पाक देऊ नये. त्यातले न पचणारे घटक माश्यांना हगवण लावतात. बाजारातला मध तर अजिबात नको, त्यातून दुसऱ्या वसाहतींचे रोग येऊ शकतात. आणि पाकावर जगलेल्या पेटीतला साठा पुढे मध म्हणून बाटलीत भरू नये. साखरेच्या पाकाच्या भेसळीवरून डिसेंबर 2020 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने मोठ्या कंपन्यांना धारेवर धरले तेव्हा आपण सगळ्यांनी संताप व्यक्त केला होता; घरच्या गच्चीवर वेगळा न्याय लावता येणार नाही. बहर सुरू होताच पाक बंद करावा, आणि कोणत्या चौकटी पाकाच्या काळातल्या आहेत त्यांवर खूण करून ठेवावी.

पावसाळ्यातले दुसरे काम अधिक कंटाळवाणे आणि अधिक महत्त्वाचे. सातेरीला जुने, काळे पडलेले मेण आवडत नाही. ती ते कुरतडते आणि त्याचा रव्यासारखा भुगा तळपाटावर सांडत राहतो. आठवडाभर तो तसाच राहिला तर त्यात मेणपतंगाच्या अळ्या होतात. तळपाट बाहेर काढून उजेडात धरला की भुग्यात बारीक रेशमी धागे दिसतात. ते दिसले म्हणजे पतंगाने आत पाय ठेवला आहे. पोळ्यातून बोगदा करत गेलेली पांढुरकी अळी आणि तिच्या मागची जाळी ही पुढची पायरी. म्हणून भर पावसातही आठवड्यातून एकदा तळपाट खरवडून पुसायचा, भुगा पेटीजवळ न टाकता जाळायचा. ज्या चौकटी माश्यांनी झाकलेल्या नाहीत त्या बाहेर काढायच्या. पाच चौकटींपुरत्याच माश्या असतील तर पाचच ठेवायच्या. रिकाम्या पोळ्यांची राखण त्यांना जमत नाही. काढलेली काळी पोळी वितळवून मेण करावे, पुढच्या हंगामासाठी जपून ठेवण्याचा लोभ नको. स्टँडच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असाव्यात, त्यात पडलेली पाने काढत राहावी, कारण एका पानाचा पूल मुंगळ्यांना पुरतो. पेटी पुढच्या बाजूला किंचित कललेली असावी, म्हणजे आत शिरलेले पाणी दारातून निघून जाते.

एवढे वाचून कुणी रोज पेटी उघडायला लागेल, म्हणून सांगणे आले. पेटी उघडणे हा उपचार नाही, तो त्रास आहे. पिल्लांच्या भागाचे तापमान माश्या चौतीस-पस्तीस अंशांच्या आसपास सांभाळतात. प्रत्येक उघडझापीनंतर ते पुन्हा जमवायला त्यांना कष्ट पडतात. रोज पाहायचे ते दार. बाजूला उभे राहून पाच मिनिटे पाहिले तरी पराग येतो आहे की नाही, गांधीलमाशी दारावर घिरट्या घालते आहे का, मेलेल्या अळ्या बाहेर टाकल्या जात आहेत का, हे कळते. पेटी उघडायची ती बहराच्या काळात आठवड्यातून एकदा आणि पावसाळ्यात उघडीप पाहून, कामापुरती. दारासमोर उभे राहू नये, ती माश्यांची हवाई वाट आहे. गोवरी किंवा नारळाच्या शेंडीच्या गार धुराचे दोन-तीन झोत पुरतात. चौकट सरळ वर उचलावी आणि पेटीच्या वरच धरून पाहावी, म्हणजे राणी निसटली तरी आतच पडेल. सूर्य पाठीशी घेतला की उजेड घरांच्या तळापर्यंत जातो.

नवे लोक राणी शोधण्यात वेळ घालवतात. राणी दिसलीच पाहिजे असे नाही. घराच्या तळाशी उभे चिकटलेले एकेक पांढरे अंडे दिसले म्हणजे झाले. अंड्याची अवस्था तीन दिवसांची, तेव्हा राणी गेल्या तीन दिवसांत तिथे होती. एकाच घरात दोन-चार अंडी, तीही भिंतींवर कशीही चिकटलेली दिसली, तर मात्र राणी जाऊन बरेच दिवस झाले आहेत आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. त्या अंड्यांतून फक्त नर निपजतात. अशी वसाहत सुधारण्याच्या नादी लागण्यापेक्षा ती दुसऱ्या पेटीत मिसळणे बरे.

आणखी एक खूण पाहण्याजोगी आहे. सातेरीच्या नराच्या बंद घराचे झाकण उंचवट्याचे असते आणि त्याच्या नेमके मधोमध एक बारीक छिद्र असते, जणू कुणी टाचणी टोचली आहे. मेलिफेरात हे दिसत नाही. अशी झाकणे फेब्रुवारीच्या सुमारास वाढली की वसाहत फुटण्याचे दिवस आले असे समजावे. मग पोळ्यांच्या खालच्या कडा तपासायच्या. तिथे खाली तोंड करून लोंबणारी लांबट घरे, म्हणजे नव्या राणीची घरे, दिसू लागतात. अंड्यापासून राणी बाहेर पडायला सुमारे सोळा दिवस लागतात आणि आठव्या दिवसाच्या आसपास तिचे घर बंद होते. त्याच सुमारास जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते. म्हणून या काळात आठवड्याची तपासणी चुकवायची नाही. बरेच जण राणीची घरे दिसताच खुडून टाकतात. त्याआधी पोळ्यात ताजी अंडी आहेत का ते पाहावे. थवा निघून गेलेला असेल आणि आपण घरे खुडली, तर पेटी राणीवाचून राहते आणि नवी घडवायला योग्य वयाची अळीही हाताशी नसते. वसाहत जोमदार असेल तर तिचे आपणच दोन भाग करणे उत्तम: जुनी राणी आणि पिल्लांच्या काही चौकटी नव्या पेटीत, राणीचे एक चांगले घर जुन्या पेटीत. फांदीवर थवा लटकलेला दिसला की सोसायटीत हाहाकार उडतो, पण तो त्या वेळी सहसा शांत असतो. पोट मधाने भरलेले, राखायला पिल्ले नाहीत, घर शोधणे चाललेले. औषध फवारणाऱ्याला बोलावण्याआधी मधपाळाला बोलवावे.

रोगांपैकी एकाचे नाव प्रत्येक सातेरीपाळाला माहीत हवे: थाई सॅकब्रूड. हा विषाणूजन्य रोग 1991-92 च्या सुमारास दक्षिणेत शिरला आणि केरळ, कर्नाटक, तमिळनाडूतल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती त्यात गेल्या. अळी कोष होण्याआधीच मरते, तिची पाण्याने भरलेली पिशवी होते आणि डोके वर वळलेले राहते. त्यावर औषध नाही. लागण दिसली की त्या पेटीतली चौकट, हत्यारे, हातमोजे दुसरीकडे जाऊ द्यायचे नाहीत, आणि राणीला काही दिवस अडकवून अंड्यांचा क्रम तोडायचा, हा जाणत्यांचा मार्ग. लांबून, कुणाच्या तरी मालमोटारीतून आलेली वसाहत तिचा ठावठिकाणा न विचारता घेणे म्हणूनच धोक्याचे.

पेटी घ्यायची ती पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या बहराच्या तोंडाशी, जवळपासच्या मधपाळाकडून. त्याआधी शिकून घ्यावे. पुण्यात खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे, महाबळेश्वरला राज्य खादी मंडळाचे मध संचालनालय आहे. सरकारी आणि स्वयंसेवी योजनांत पेट्यांचे वाटप समारंभाच्या तारखेनुसार होते, फुलोऱ्याच्या नव्हे, हे खटकते. पेटी देताना तिच्यासोबत पहिल्या पावसाळ्यापुरता एक जाणता मधपाळ दिला, तर पेट्यांची संख्या निम्मी करूनही फळ अधिक मिळेल.

आणि एक गैरसमज दूर व्हायला हवा. गच्चीवर पेटी ठेवल्याने ‘मधमाश्या वाचतात’ असे नाही. रानातल्या आग्या, फुलोरी, एकेकट्या राहणाऱ्या शेकडो जातींच्या माश्या यांना पेटीचा उपयोग शून्य. उलट एकाच लहान टापूत पेट्या फार झाल्या तर फुलांची वाटणी होते. त्यांना हवीत करंज, शेवगा, जांभूळ, रिठा अशी झाडे आणि फवारणीवर ताबा. कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर भर फुलोऱ्यात सकाळी फवारणारा शेतकरी स्वतःच्याच बीधारणेवर घाव घालतो. शेजारी शेती असेल तर फवारणीचा दिवस आधी कळवण्याची विनंती करावी, फवारणी संध्याकाळी उशिरा व्हावी असा आग्रह धरावा.

डंखाबद्दल थोडक्यात. माशी चावली की काटा नखाने खरवडून लगेच काढावा, कारण तो विष सोडत राहतो आणि त्याच्या वासाने इतर माश्या चवताळतात. अंगभर पुरळ, श्वास लागणे, घेरी अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठावा. पेटी ठेवण्याआधी शेजारी कुणाला डंखाची ॲलर्जी आहे का, हे विचारणे शिष्टाचाराचा नव्हे, सुरक्षिततेचा भाग आहे.

राहिला मध. चौकटीतली किमान तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्याशिवाय ती मधयंत्रात घालू नये. उघड्या घरांतला मध पातळ असतो. भारतीय अन्न मानकांनुसार मधात पाणी 20 टक्क्यांच्या वर नसावे, आणि दमट हवेत त्याहून पातळ मध आंबतो. तो तापवून दाट करण्यापेक्षा आठ दिवस थांबावे. बाटल्या भरल्या की त्या नातेवाइकांकडे जाणार, आणि आपल्याकडे बारशाच्या घरी मध चाटवायची रीत आहे, म्हणून प्रत्येक बाटलीवर एक ओळ लिहावी: वर्षाखालच्या बाळाला देऊ नये. मधात कधी कधी बोट्युलिझमच्या जंतूंची बीजे असतात. मोठ्यांच्या पोटात ती निरुपद्रवी ठरतात, तान्ह्याच्या आतड्यात वाढून विष तयार करू शकतात. स्वतःच्या पेटीतून डोळ्यांदेखत काढलेला मधही याला अपवाद नाही.